लुतीचा कोल्हा आणि थेंबभर दया

दयेविषयी आपल्या समाजात मतभेद नाही. भूतदया हा शब्द आपल्या घरांतून तुळशीवृंदावनाइतकाच रुळलेला आहे आणि मुंगीस साखर, गाईस घास व कावळ्यास पिंड घालणाऱ्या समाजास तिची महती पटवून देण्याचे कारण नाही. मतभेद उद्भवतो तो दया कोणत्या कृतीस म्हणावे या प्रश्नावर. हा प्रश्न केवळ तात्त्विक नसून कित्येकदा एखाद्या मुक्या जीवाच्या प्राणाशी निगडित असतो, हे दाखविण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे. विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल: लूत लागलेल्या रानकोल्ह्यास होमिओपॅथीचे थेंब घातलेली भाकरी टाकावी की टाकू नये? माझे उत्तर आरंभीच सांगतो. टाकू नये. ती टाकणारा मनुष्य सज्जन असतो, त्याचा हेतू निर्मळ असतो, आणि तरीही त्याची ती कृती दया नसून दयेचा आभास असतो.

आमचा आदिलाबाद जिल्हा पैनगंगेच्या दक्षिण तीरावर वसलेला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून तत्कालीन मुंबई राज्याकडे गेले. परंतु मराठी बोलणारी घरे नदीच्या दोन्ही तीरांस राहिली, आणि नदीच्या दोन्ही तीरांस राहिला तो आणखी एक जुना शेजारी, म्हणजे कोल्हा. कोंकणीत तो कोलो, तेलुगूत नक्क. त्याचा लहानखुरा भाऊबंद खोकड. शेपटीचे टोक काळे, अंग सडपातळ. कापसाच्या व तुरीच्या शेतांच्या बांधावर, ओढ्याच्या काठी, गावाबाहेरच्या देवळामागील झुडपांत हे दोघेही वावरतात. उंदीर, किडे, बोरे, मेलेले ढोर यांवर निर्वाह करून ते शेतकऱ्यास एका परीने साहाय्यच करीत असतात. अशा एखाद्या जनावरास लूत लागली की ते रात्रीचे भान विसरून दिवसाढवळ्या वस्तीजवळ येते. शेपटीचे केस गळून तिची दोरी झालेली, कातडीवर राखाडी खपल्या धरलेल्या, डोळे चिकटलेले. असे ध्यान पाहून ज्याचे काळीज हलणार नाही तो मनुष्यच नव्हे. हलते, म्हणूनच कोणीतरी घरातली औषधाची पेटी उघडतो.

प्रथम या रोगाचे स्वरूप पाहू. लूत हा रक्तातील दोष नव्हे, कर्मविपाक नव्हे, आणि शरीरातील कोणा गूढ शक्तीचा बिघाडही नव्हे. गोचिडीच्या गोतातला, सार्कोप्टिस नावाचा, नुसत्या डोळ्यांस जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा एक आठ पायांचा जीव असतो. त्याची मादी कातडीत बोगदा खणते, रोज दोन-तीन अंडी घालते, आणि दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी खणावयास सिद्ध होते. जनावर खाजवून खाजवून कातडी फाडते, जखमा चिघळतात, शिकार साधत नाही, अंगावरचे मांस झडते. उपचारावाचून राहिलेला कोल्हा पुष्कळदा काही महिन्यांत मरतो. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात १९९४ साली ही साथ शिरली आणि दोनएक वर्षांत त्या शहरातील नव्वद टक्क्यांहून अधिक कोल्हे नाहीसे झाले. एवढा हा रोग दारुण आहे.

याच इंग्लंडातून आपल्या चर्चेतील उपचार निघाला आहे. तेथे तांबड्या कोल्ह्यांनी शहरांतील घरांमागच्या बागांत बिऱ्हाड केलेले आहे. कोल्ह्यांचे कैवार घेणाऱ्या काही धर्मादाय मंडळ्या तेथील गृहस्थांस होमिओपॅथीच्या कुप्या पाठवितात. मुरंबा किंवा मध लावलेल्या पावाच्या तुकड्यावर थेंब टाकावे आणि तो तुकडा बागेत ठेवावा, असा विधी. औषधे बहुधा दोन: सल्फर, म्हणजे गंधक, आणि सोरायनम. ही कल्पना आता आपल्याकडील प्राणिमित्रांच्या बोलण्यातही येऊ लागली आहे; पावाच्या जागी भाकरी आणि मुरंब्याच्या जागी गूळ, एवढाच काय तो फरक.

होमिओपॅथीविषयी आपल्या लोकांत आदर आहे, आणि त्यास कारणे आहेत. मंगळुरास १८८० साली फादर म्युलर यांनी कंकनाडी येथे होमिओपॅथीची औषधे गरिबांस देण्यास आरंभ केला. साखरेच्या त्या गोड गोळ्या कोंकणी व मराठी घरांत आजीच्या पेटीत, देवघराच्या कोनाड्यात जाऊन बसल्या. ज्या काळी वैद्य दूर, डॉक्टर महाग आणि औषधे कडू होती, त्या काळी आपुलकीने चौकशी करून दोन गोळ्या जिभेवर ठेवणारा मनुष्य लोकांस देवासारखा वाटला, यात नवल नाही. परंतु आदर हा पुरावा नव्हे. आणि होमिओपॅथी इतर रोगांत काहीही असो, लुतीच्या बाबतीत ती जितकी स्पष्टपणे उघडी पडते तितकी अन्यत्र क्वचितच पडत असेल.

कारण असे की, खरूज हाच या शास्त्राच्या तत्त्वज्ञानाचा एक आधारस्तंभ आहे. खरजेच्या फोडात एक जीव राहतो, हे इटलीतील बोनोमो व चेस्तोनी यांनी १६८७ सालीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहून ठेविले होते. तरीही होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी १८२८ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या जुनाट रोगांवरील ग्रंथात असा सिद्धांत मांडला की, खाज ही 'सोरा' नामक आंतरिक दोषाची बाह्य खूण असून मनुष्याचे बहुतेक जुनाट विकार त्याच दोषातून उपजतात. वरून मलम लावून खाज दडपली तर दोष आत शिरतो. पुढे अवघ्या सहा वर्षांनी, १८३४ साली, रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने पॅरिसच्या रुग्णालयात सर्वांसमक्ष सुईच्या टोकाने तो जीव फोडातून बाहेर काढून दाखविला. ही हातोटी त्याने कोठे पाहिली होती? त्याच्या कॉर्सिका बेटावरील गरीब बायकांत. ग्रंथकाराला जे गवसले नाही ते खेड्यातील बायांच्या सुईला गवसले होते! सिद्धांत मात्र मागे घेतला गेला नाही. त्याच्या नावाचे सोरायनम, म्हणजे खरजेच्या फोडातील द्रवापासून केलेले औषध, आज कोल्ह्याच्या भाकरीवर पडते आहे.

आता त्या थेंबात काय असते ते पाहू. कुपीवर तीसचा आकडा असेल तर त्याचा अर्थ असा: मूळ द्रव्याचा एक भाग नव्याण्णव भाग पाण्यात वा मद्यार्कात मिसळावयाचा, त्या मिश्रणाचा एक भाग पुन्हा नव्याण्णव भागांत, असे तीस वेळा. बाराव्या पायरीच्या सुमारासच मूळ द्रव्याचा अखेरचा कण उरण्याची शक्यता संपते, आणि त्यापुढे अठरा पायऱ्या केवळ पाण्यात पाणी मिसळण्याच्या असतात. तिसाव्या पायरीवर प्रमाण होते एकावर साठ शून्ये. पृथ्वीवरील सर्व समुद्र एका पातेल्यात ओतले तरी त्यात या हिशेबाने गंधकाचा एक कणही हाती लागावयाचा नाही.

येथे कोणी म्हणेल की, गंधक हे तर आपल्या आजीचेही खरजेवरचे औषध आहे. आहेच, आणि आजी बरोबर होती. खोबरेल तेलात गंधक खलून ती अंगाला चोपडीत असे, तेव्हा त्या गंधकाने किडा खरोखरच मरत असे. आजही गंधकाचे मलम खरजेवर वापरतात आणि जनावरांस गंधक व चुना यांच्या द्रावणाने धुतात. परंतु आजीच्या वाटीत गंधक होते. कुपीत गंधकाचे केवळ नाव आहे.

भूतदयेचा आदर्श म्हणून आपण नाथमहाराजांची कथा सांगतो. गोदावरीच्या वाळवंटात म्हणा वा रामेश्वराच्या वाटेवर म्हणा, तहानेने तडफडणारे गाढव दिसताच एकनाथांनी देवासाठी आणलेली गंगेची कावड त्याच्या मुखात रिती केली. या कथेचे मर्म आपण नाथांच्या अंतःकरणात शोधतो, आणि ते योग्यच आहे; परंतु तिचा अर्धा अर्थ कावडीत आहे. कावडीत पाणी होते. नाथांनी गाढवास पाणी पाजले, पाण्याची आठवण पाजली नाही. नामदेवांच्या मागे लागलेल्या कथेतही तेच. पोळी पळविणाऱ्या कुत्र्याच्या मागे ते धावले ते तुपाची वाटी घेऊन, आणि वाटीत तूप होते.

आता आक्षेपांचा विचार करू. माझा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे पुराव्याची छाननी करण्याची सवय जडलेली आहे, आणि या प्रकरणात सादर होणारा पुरावा बहुतेक एकाच जातीचा असतो: "आम्ही स्वतः पाहिले, कोल्हा बरा झाला." या साक्षीची उलटतपासणी करू. साक्षीदारहो, जो लुतीचा कोल्हा तुम्ही पौषात पाहिला तोच केसाळ कोल्हा फाल्गुनात पाहिला, हे तुम्ही कशावरून ओळखले? केस आल्यावर एक कोल्हा दुसऱ्यासारखाच दिसतो. बरे, तोच होता असे धरले, तर तो भाकरीने तगला की थेंबाने? रोज पोटभर अन्न मिळालेले जनावर रोगाशी अधिक काळ झुंजते आणि काही जनावरे आपली आपण बरी होतात. स्कँडिनेव्हियात १९७० व १९८० च्या दशकांत लुतीने कोल्ह्यांची वाताहत झाली; पुढे त्यांची संख्या पुन्हा सावरली, आणि ती कोणी रानोमाळ कुप्या वाटल्या म्हणून नव्हे. शेवटचा आणि महत्त्वाचा प्रश्न: जे कोल्हे तुमची भाकरी खाऊन झुडपात जाऊन मेले, त्यांची साक्ष कोठे आहे? मेलेला कोल्हा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहत नाही. ज्या खटल्यात एकाच पक्षाचे साक्षीदार जिवंत उरतात, त्याचा निकाल अगोदरच ठरलेला असतो.

पद्धतशीर छाननी ज्यांनी केली त्यांचे मत निराळे आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा कोणत्याही विकाराबाबत नाही, असा निष्कर्ष काढला. बागेतल्या कोल्ह्यांचे माहेर जे इंग्लंड, तेथील पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजनेही २०१७ साली, या पद्धतीस मान्य पुराव्याचे पाठबळ नाही आणि सिद्ध उपचाराच्या जागी ती वापरू नये, असे स्पष्ट केले.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. श्रद्धेने दिलेले औषध लागू पडते, असे म्हणतात. मनुष्याच्या बाबतीत त्यात तथ्य आहे; विश्वासाने वेदना हलकी होते, झोप लागते, धीर येतो. परंतु कोल्ह्यास होमिओपॅथीवर श्रद्धा नसते, आणि त्याच्या कातडीतील किड्यास तर नसतेच नसते. येथे ज्याचा धीर वाढतो तो भाकरी टाकणारा. औषध कोल्ह्यास आणि गुण गृहस्थास, असा हा व्यवहार आहे.

तिसरा आक्षेप अभिमानाचा: पाश्चात्त्यांच्या औषधांपुढे आपण किती मान तुकवावी? परंतु होमिओपॅथी स्वतः जर्मनीतून आलेली आहे. ती चरकसुश्रुतांची नव्हे. उलट लुतीच्या किड्यास मारणारे आयव्हरमेक्टिन ज्या जंतूपासून निघाले तो जपानच्या मातीत सापडला, आणि त्याबद्दल ओमुरा व कॅम्बेल यांस २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच पारितोषिकाचा दुसरा अर्धा भाग चीनच्या तू यूयू यांस मिळाला, कारण त्यांनी जुन्या चिनी वैद्यक ग्रंथातील एक वनस्पती कसोटीस लावून हिवतापाचे औषध काढले. प्राचीनतेचा किंवा पूर्वेचा कोणास विटाळ नाही. विचारणा एकच असते: गुण येतो की नाही, ते दाखवा.

चौथा आक्षेप सर्वांत गोड आणि म्हणूनच सर्वांत घातक: "गुण नाही तर नाही, अपाय तर नाही ना?" अपाय आहे, आणि तो तिहेरी आहे. पहिला, काळाचा. किडा दर तीन आठवड्यांस पिढी वाढवीत असताना आपण थेंब मोजीत बसतो आणि ज्यास कळवावयाचे त्यास कळवीत नाही. दुसरा, संसर्गाचा. एका ठरावीक जागी रोज अन्न ठेविले की तेथे कोल्हे, खोकडे आणि गावची कुत्री एकत्र जमतात आणि लूत एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाते. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात कुत्र्यांच्या व खोकडांच्या रक्ताची तपासणी झाली तेव्हा, गावकुत्र्यांत फिरणाऱ्या विषाणूंची खूण खोकडांतही आढळली. किड्यास तर याहून सोपी वाट असते. तिसरा अपाय मनुष्याचा. दिवसाढवळ्या भय सोडून वस्तीत आलेला कोल्हा लुतीने पीडित असेल, तसाच तो पिसाळलेलाही असू शकेल. २०२४ साली मुंबईच्या चेंबूर भागातील काही कोल्ह्यांच्या तपासणीत रेबीज निघाला. हा रोग एकदा लक्षणांवर आला की जवळजवळ निरपवाद प्राण घेतो. देवळाच्या मागील दारी बसून लहान मुलाच्या हातून कोल्ह्यास भाकरी देवविणे यास पुण्यकर्म म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

मग थेंबांऐवजी गुरांचे आयव्हरमेक्टिनच भाकरीत घालावे काय? तेही नाही. कोणत्या जनावराने किती खाल्ले हे आपणास ठाऊक नसते. काही जातींच्या कुत्र्यांस ते विषासमान ठरते, आणि शेणालेंड्यांतून उतरलेला त्याचा अंश शेणकिड्यांस मारतो. औषध रानात कसे भटकते याचा धडा आपल्या देशाने फार महाग किमतीस घेतलेला आहे. डायक्लोफेनॅक हे गुरांच्या वेदना शमविण्यासाठी दिले जाई. ती गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडांच्या तीन जाती नष्टप्राय झाल्या, तेव्हा कुठे २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. जटायूच्या त्या वंशातील काही पक्षी जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील, आता आसिफाबादेत गेलेल्या, बेज्जूरच्या जंगलात पालारापूच्या कड्यावर घरटी करताना आढळले, तेव्हा वनखात्यास त्यांची राखण करावी लागली. गुरांस औषध देणारा तो शेतकरीही दयाळूच होता.

खरा उपचार कष्टाचा असतो. ऑस्ट्रेलियात वॉम्बॅट नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्यास हीच लूत लागते. तेथे बिळाच्या तोंडाशी एक झडप टांगतात. प्राणी आत-बाहेर करताना मोजलेले औषध त्याच्या पाठीवर सांडते. हे सरकारी परवान्याने, पुनःपुन्हा आणि नोंदी ठेवून करावे लागते, आणि इतके करूनही टास्मानियातील एका उद्यानात रोग काही काळच आवरला, पुन्हा उसळला. जेथे खऱ्या औषधाची ही दमछाक, तेथे रिकाम्या थेंबाची काय कथा!

कायदाही पाहून ठेवावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात 'शिकार' या शब्दाची व्याख्या इतकी व्यापक आहे की तीत मारणे व पकडणे यांबरोबर आमिष दाखविणेही येते. दयेने भाकरी टाकणाऱ्यास कोणी शिकारी म्हणून उभे करील असे मी म्हणत नाही. परंतु वन्य प्राण्याशी मनास येईल तसा व्यवहार करण्याची मोकळीक कायद्याने नागरिकास दिलेली नाही, हे त्यावरून ध्यानात यावे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाने पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदलेल्या पशुवैद्यांकडे सोपविलेला आहे. आणि या सर्वांच्या वर आपली राज्यघटना. तिच्या अनुच्छेद ५१क मध्ये नागरिकांची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यातील (छ) खंडात प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगण्यास सांगितले आहे आणि लगेच पुढच्या (ज) खंडात विज्ञाननिष्ठ दृष्टी जोपासण्यास. ही दोन कर्तव्ये शेजारी शेजारी बसविली गेली हा योगायोग असेल. परंतु त्यांची फारकत झाली म्हणजे काय होते, याचे उदाहरण म्हणून मी लुतीच्या कोल्ह्याकडे बोट दाखवीन. दयेवाचून विज्ञान कोरडे, हे आपण नेहमी ऐकतो. विज्ञानावाचून दया आंधळी, हेही तितक्याच वेळा ऐकू यावयास हवे.

मग करावे काय? आपल्या वाचकांपैकी पुष्कळ जण कोणत्या ना कोणत्या देवस्थानाच्या समितीवर आहेत. त्यांच्या हाती पुष्कळ आहे. लुतीचा कोल्हा वा खोकड दिसल्यास जागा व वेळ नोंदवून त्याच दिवशी वनखात्यास कळवावे. त्यास पकडून उपचार करणे वनखात्याच्या अनुमतीने पशुवैद्याच्याच हातून व्हावे. त्याच्या जवळ जाऊ नये, मुलांस जाऊ देऊ नये. महाप्रसादानंतर पत्रावळींचा ढीग देवळामागे उघडा टाकू नये. कुत्र्यांस आणि त्यांच्या मागोमाग कोल्ह्यांस बोलावणे जाते ते त्या ढिगाचे. देवळाच्या आश्रयास राहणाऱ्या कुत्र्यांस पशुवैद्याकडून लुतीचे औषध व रेबीजची लस द्यावी आणि त्यांच्या निर्बीजीकरणासाठी नगरपालिकेच्या मागे लागावे. माहूरच्या दत्तप्रभूंच्या पायाशी चार कुत्री बसलेली आपण पाहतो. आपल्या दाराशी बसलेल्या चौघांस लस टोचून घेतली तर रानातल्या चाळीस कोल्ह्यांवर उपकार होतील. कोणास जनावर चावले वा ओरबाडले तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

या कामांत कुपी उघडण्याचा गोडवा नाही. वनखात्याचा दूरध्वनी दोनदा लागणार नाही, नगरपालिकेत चार खेपा होतील, पशुवैद्याचे शुल्क समितीच्या बैठकीत मंजूर करून घ्यावे लागेल, आणि इतके करूनही एखादा कोल्हा मरेल. परंतु दयेचे मोल देणाऱ्याच्या समाधानावरून ठरत नसते; ते घेणाऱ्याच्या अंगावर काय उतरले यावरून ठरते. लुतीच्या कोल्ह्यास आपल्या हळव्या मनाचा काही उपयोग नाही. त्याच्या कातडीतला किडा मेला पाहिजे, आणि तो थेंबाने मरत नाही.